गाळ ज्याचा त्याला

मी कुंता, कै. खुशाल मांढरे यांची मागे राहिलेली बायको, राहणार मौजा घोडाटोली, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, धंदा तलावातली मासेमारी, वय आधार कार्डावर चौसष्ट आणि खरे माझ्या आईलाच ठाऊक, हे मृत्युपत्र आपल्या मर्जीने तोंडी सांगून लिहवून घेते. डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, त्यात गाठ आहे आणि डॉक्टरने घरी न्या म्हटले आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. मला धाक दाखवणारा घोडाटोलीत अजून जन्मायचा आहे. लिहून घेणारे लच्छू पचारे, निवृत्त पोस्टमन, म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात असं नाई लिवत जी." मी म्हटले, "मरून मी राह्यली का तुमी? लिवा."

कलम एक. घर. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर माझ्या नावे असलेले दोन खोल्यांचे कौलारू घर व मागची वाडी मी माझी सून डिंपल सुरेंद्र मांढरे हिला देते. एकुलता एक मुलगा धडधाकट असताना घर सुनेला काऊन, असे कोणी विचारेल. कारण पुढे येते.

कलम दोन. जाळी. लहान जाळी डिंपलची. ज्या फेकजाळ्यात आमचे हे गेले ते पोलिसांनी परत आणून दिले आहे आणि अजून आढ्याला टांगलेले आहे. ते जाळून टाकावे. सोसायटीतल्या कोणी "अजून चांगलं हाय, ठेवा" असे म्हणू नये.

कलम तीन. तलाव. तलाव माझा नाही, सबब तो कोणाला देता येत नाही, हा कायदा लच्छूभाऊंनी मला समजावला. पण त्याचे सांगितल्याशिवाय बाकीचे समजायचे नाही.

हा मालगुजारीच्या काळातला तलाव. मी लग्न होऊन आले तेव्हा जेठ महिन्यातही पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, पाणी टेकलेले असे. मग वरच्या टेकडीवरची झाडी गेली, रस्त्यांसाठी मुरूम खणला गेला, वरच्या धानाच्या बांध्यांचे धुरे फुटले ते कोणी बांधले नाहीत. दर पावसाळ्यात नाल्याने लाल पाणी यायचे आणि माती आमच्याकडे ठेवून पुढे जायचे. जिथे आमचा डोंगा, लाकडाची नाव, चालायचा तिथे बेशरमाची झुडपे उगवली. होळीला तलावात गुरे बसू लागली. मरळ गेली, वाम गेली. गाळ काढा, गाळ काढा म्हणून आम्ही सगळेच ओरडत होतो, आणि मच्छीमार सोसायटीचा सचिव माझाच मुलगा सुरेंद्र होता. तीन वर्षांखाली त्याच्या खटपटीने मशीन आली.

वरचा काळा गाळ शेतकऱ्यांनी नेला, ते चांगले झाले. पण खाली मुरूम दिसला आणि ठेकेदाराची लाळ गळली. घाटाजवळ त्याने विहिरीसारखे सरळ कड्यांचे खड्डे पाडले. मी सुरेंद्रला म्हटले, "हे काऊन असं खणून राह्यले?" तो म्हणाला, "होऊन जाईन सपाट, आई. मच्छीले उन्हाळ्यात डोह पायजेच ना." ठेकेदार सपाट न करता गेला आणि पाऊस आला. वरून पाहिले तर तलाव पहिल्यासारखा भरलेला. गावाने नारळ फोडला.

आम्हा ढिवरांत वर्षाच्या पहिल्या जाळ्याच्या दिवशी घरातला मोठा माणूस आधी पाण्यात उतरतो आणि त्या दिवशी तलावात काठी घालत नाहीत. पायाने चाचपत जायचे. सुरेंद्रने घाटावर काठी पुढे केली. म्हणाला, "बाबा, काठी घ्या जी. इथी खड्डे हायेत." हे म्हणाले, "तलाव मायी माय हाय. मायच्या पोटात काठी टोचू काय?" आणि उतरले. लहानपणापासून पायाखालची जमीन त्यांना पाठ होती. ती जमीन तिथे नव्हती. खांद्यावर शिशाच्या गोळ्यांचे ओले जाळे, आणि कडाही त्यांच्यासोबतच ढासळली. आख्खा तलाव पोहून पार करणारा माणूस घाटापासून हाकेच्या अंतरावर बुडून गेला. सुरेंद्रने उडी मारून बाहेर काढले तेव्हा तोंडात गाळ होता. मी तो पदराने पुसला.

तेव्हापासून मी सुरेंद्रशी बोलत नाही. घर एक, चूल वेगळी. काठी त्यांनीच नाकारली, हे मला समजते. समजले म्हणून राग जात नाही. तो समोर आला की मला तो घाटच दिसतो.

कलम चार. वाडीतला गाळ. मशीन आली त्या उन्हाळ्यात सुरेंद्रने भाजीपाल्यासाठी तलावातला गाळ आणून मागे टाकला. त्या ढिगात मी काही पेरू दिले नाही. तो वरच्या टोल्यावरच्या बुधू आत्राम यांनी नेऊन आपल्या बांधीत पसरावा. माती त्यांच्याच वावरातून वाहून आली होती. ज्याची त्याला परत. फक्त या वेळी धुरे नीट बांधा म्हणावे, नाहीतर मी वरून येऊन शिव्या देईन.

कलम पाच. सोसायटीला विनंती. नाल्यात ठिकठिकाणी दगड रचावे म्हणजे माती वरच अडेल. तलावाच्या वरच्या अंगाचे आपोआप उगवणारे देवधान आणि गवत उपटू नये, ते गाळ धरून ठेवते. पुन्हा मशीन आली तर वरचा गाळच काढावा, खालची चिकण माती राहू द्यावी, आणि कडा उताराच्या कराव्या. पहिल्या जाळ्याला काठी घ्यावी. मायच्या पोटात आता काय खणून ठेवले आहे ते मायलाही ठाऊक नाही.

कलम सहा. माझी राख तलावात टाकू नये. तो आधीच भरला आहे. ठेकेदार तेरवीला आला तर त्याला पान वाढू नये.

कलम सात. ~~माझा मुलगा सुरेंद्र याने मला खांदा देऊ नये. आगी डिंपलने द्यावी.~~

येथपर्यंत काल लिहून झाले होते. कलम सात डिंपलने चुलीपाशी ऐकले. ती कधी उलटून बोलत नाही. हातातले पीठ तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आई, तुमी बाबा गेल्यापासून घाटावर गेल्याच नाई. एक डाव पाहून तं या. मंग लिवा काय लिवाचं ते."

आज सकाळी शेजारीण बायनाबाई मला धरून घेऊन गेली. खड्ड्यांची एकही कडा सरळ उरलेली नाही. घाटापासून आतपर्यंत उतार आहे, फावड्याने काढलेला. बायना म्हणाली, "तीन उन्हाळे झाले, पाणी उतरलं का येते तो, घमेलं घेऊन. एकटाच. सोसायटीच्या पोराईले हात लावू देत नाई. अवं, साऱ्या गावाले ठाऊक हाय, तुलेच नाई." मी लुगडे वर धरून उतरले. गुडघ्यापर्यंत पाणी आले तरी पाय कुठेच घसरला नाही. तिथे उभी राहून मी खूप रडले. हे असते तर या उतारावरून हसत परत आले असते. मग मी तशीच परत फिरून वर आले.

घरी आल्यावर लच्छूभाऊंना कलम सात खोडायला लावले. त्याच्या जागी सांगितले: सुरेंद्रवरचा माझा राग मी या पत्राने संपवते. हे ऐकून बायना माझ्यावरच ओरडली, "आता मेल्यावर वाचून दाखवसान काय त्याले? आंगणात बसून हाय ना तो!"

म्हणून तेही वाक्य लिहू दिले नाही. हाक मारली. तीन वर्षे न घेतलेले नाव आंगणापर्यंत ऐकू जाईल असे घेतले. तो आला. मी म्हटले, "खांदा तूच देजो, बापू." तो माझे पाय धरून लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस पांढरे झाले आहेत त्याचे, मी पाहिलेच नव्हते.

नवे कलम सात. डोंगा सुरेंद्रचा.

वर लिहिलेले मला वाचून दाखवले. ते माझेच शब्द आहेत. याआधी मी दुसरे काही लिहून ठेवलेले नाही, आणि यानंतर ठेवायला दिवस नाहीत.

लिहून देणार: कुंता खुशाल मांढरे (डाव्या हाताचा अंगठा)
लिहून घेणार: लच्छू पचारे
साक्षीदार: १. बायनाबाई शेंडे (सही) २. इतवारी नान्हे (सही)
ठिकाण: मौजा घोडाटोली
दिनांक: १४ मे २०२५

टीप: सुरेंद्र खुशाल मांढरे यांनीही खाली सही करू द्या म्हटले. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून सही घेतली नाही. अंगठा लावताना ते लिहून देणार यांच्या पाठीला टेकू देऊन बसले होते, एवढी नोंद असावी.