माठ भरू द्यायचा न्हाई

८ जुलै
पुसेगावच्या शाळेवर रुजू झाले. नाशिकहून इतक्या लांब बदली म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली होती, पण खोली झकास मिळाली. मागे मोकळं अंगण, त्यात आमच्या तांदुळजासारखी काटेरी भाजी माजलेली. शेंडे खुडून लसणावर परतले. निलमने, माझ्या चार वर्षांच्या लेकीने, चक्क दोन पोळ्या खाल्ल्या. पाणी भरत होते तेव्हा घरमालकीण पंचफुलाबाई आल्या. लेकीच्या बाळंतपणाला सेनगावला निघाल्या होत्या. जाताना बजावून गेल्या, "बाई, माठ भरू द्यायचा न्हाई बगा." पाण्याची टंचाई असेल. मी माठ अर्धाच भरते.

२ ऑगस्ट
भाजी कमरेएवढी झाली, तुरे आले. निलमची भातुकली तिथेच. तुरे चोळून काळं, चकचकीत बी काढते आणि त्याची खिचडी करते. आज फक्का मारताना पकडलं. दटावलं, पण राजगिऱ्यासारखंच तर दिसतं.

१९ ऑगस्ट
निलम जेवत नाही. पोट भरलं म्हणते आणि दिवसभर उन्हात उभी राहते. डॉक्टर म्हणाले, जंत असतील. केस विंचरले तर फणीत उवा नाहीत, काळं बी. मला किळस आली. मग स्वतःचाच राग आला.

२५ ऑगस्ट
पंचफुलाबाई परतल्या. अंगण बघून हातातली पिशवी तिथेच टाकली. सांगितलं होतं ना, म्हणाल्या. मी अर्धा माठ दाखवला. त्यांनी काटेरी झाडांकडे बोट केलं. इथे ह्यालाच माठ म्हणतात. दाणा भरायच्या आत उपटायचा असतो, नाहीतर सांडेल तिथे रुजतो. तेवढ्यात निलम आली. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि केस बाजूला सारून टाळू निरखली.

२८ ऑगस्ट
सगळं अंगण उपटलं. हात रक्ताळले. निलमच्या बोटांच्या पेरांना काटे आलेत. कापले. सकाळी पुन्हा —

३१ ऑगस्ट
निलम अंगणातून पाऊल उचलत नाही. ओढलं तर किंचाळते. खाली मुळं, पांढरी, बारीक — मी कशी उपटू? पाणी घालते. दुसरं काय घालू? पाणी घातलं की हसते.

३ सप्टेंबर
मानेपाशी तुरा आलाय. पंचफुलाबाई खुरपं घेऊन दारात. पदराने डोळे पुसतायत. म्हणतात, बाई, भरायच्या आत. मी कडी लावली. दार हलतंय. मागून निलम हाक मारतेय, आई, बघ ना, भर—