लाकडी फळ्यांवरची कोलांटी

पाइकव्हिल, १४ एप्रिल

चि. व्हर्डीस,
अनेक आशीर्वाद, पण एकदोन आज राखून ठेवलेत. फोन तू मध्येच आपटतेस, म्हणून पत्र. माझं लिहिणं आठवी पासचं आहे, हसू नकोस.

माझी कंबर बरी आहे. टोमॅटोची रोपं खिडकीत छान आलीत. आणि माझी नात मार्ली, काय सांगू, पोरगी नाही, पाखरू आहे. दोन वर्षं जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात उलट्या कोलांट्या मारतेय. मी बाकावर बसून विणते, नि माझे टाकेच चुकतात.

तर गेल्या आठवड्यात शाळेच्या चिअरच्या संघाची, सामन्यात उड्या मारून आरोळ्या देणाऱ्या त्या पोरींची, निवड होती. मी दाराच्या काचेतून बघत होते. उभ्याउभ्या मागे उडी, हात टेकायचे, पुन्हा पायांवर. वर्गात ती हे झोपेत करते. इथे मात्र हातच दुमडले आणि हनुवटीवर आपटली. संध्याकाळी दारावर निवडलेल्या मुलींचे आकडे लावले, त्यात तिच्या पाठीवरचा सतरा नाही. पोर तीन दिवस जेवली नाही. संघाची शिक्षिका कोण, तर तुझी टॅम्रा. सख्ख्या बहिणीची लेक, आणि भाचीसाठी एवढंही झालं नाही? तिला सांग, मावशीच्या घरची गरम, मऊ पावासारखी बिस्किटं नि त्यांवरची ग्रेव्ही आता विसर.

लोभ नसला तरी चालेल.
ऑर्लीन


लेक्सिंग्टन, २२ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं, तुझी जीभही सोबत पोचली.

टॅम्राला मी विचारलं. ती म्हणाली, आकडे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निवडले. आणि तिने निवडले असते, तरी तिने सतरा लिहिला नसता. तुझ्या त्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गातल्या जमिनीखाली स्प्रिंगा आहेत, ताई. अर्धी कोलांटी जमीनच मारते. सामना होतो बास्केटबॉलच्या मैदानातल्या लाकडी फळ्यांवर, आणि तिथे कुणी उचलून देत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचं मनगट याच चुकीने मोडलं, तेव्हा हॉस्पिटलात टॅम्राच बसली होती, तू नव्हतीस.

तू आठवीत पुठ्ठ्याच्या भोंग्यातून ओरडायचीस, वीतभर उडायचीस आणि त्याला चिअर म्हणायचीस. तो काळ गेला.

संघातली एक मुलगी गाव सोडतेय. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी एका जागेसाठी पुन्हा निवड आहे. टॅम्रा म्हणते, पोरीला कडक जमिनीवर तयार कर. चर्चच्या तळघराची किल्ली पाद्रीबाईंकडे आहे, मी त्यांना सांगून ठेवलंय. माझ्याशी बोलायची गरज नाही.

प्रेम पूर्वीइतकंच, म्हणजे बेताचं.
व्हर्डी


पाइकव्हिल, १० ऑगस्ट

चि. व्हर्डीस,
आशीर्वाद, आजपुरते.

तळघर थंड आहे, माझी कंबर विचारू नकोस. तिथे मी आईच्या चार गोधड्या एकावर एक घातल्या. आधी मार्ली त्यांवर उडायची. मग दोन आठवड्यांनी एक काढली, पुन्हा एक. चौथी तुझ्या वाट्याची होती, कोपऱ्यात जरा फाटलीय, त्याची बोंब तू मारशीलच. जुलैच्या शेवटी पोरगी उघड्या फरशीवर उभी राहिली. म्हणाली, आज्जी, आता तू डोळे मिट. मी मिटले नाहीत.

काल पुन्हा काचेला नाक लावून उभी होते. पोरीने हात वर केले, मागे गेली, फळ्यांवर हात वाजले, आणि पाय खाली आले तेव्हा ती जराही डगमगली नाही. परीक्षक मान हलवत होते. तुझी टॅम्रा मात्र दगडासारखी, कागदावर काहीतरी खरडलं आणि दुसऱ्या दाराने बाहेर गेली. मी व्हरांड्याच्या वळणावरून बघितलं. भिंतीला कपाळ टेकून ती बाहीने डोळे पुसत होती. ही गोष्ट मी कुणाला सांगणार नव्हते, तुला तर नाहीच.

आकडा लागला. या वेळी तिचा आकडा तीन. मी शेजारणीला ओव्हनमधला केक जळेपर्यंत तेच सांगत बसले.

पहिला सामना सप्टेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी. तुला बोलवायचं मार्ली म्हणते, मी नाही म्हणत. आलीस तर माझ्या रांगेत बस, पण मधे माझी पर्स राहील. टॅम्राला सांग, सकाळी बिस्किटं लागतील तर लवकर यावं, थंड मी वाढत नाही.

लोभ आहे तेवढाच असू दे, फक्त कमी करू नकोस.
ऑर्लीन