पुसलेली माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार
लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं आले. चिकलठाण्यात खोली मिळाली आहे, खिडकी पूर्वेला, नळाला पाणी एक दिवसाआड. घरमालकीण चतुराबाईंनी चहा दिला आणि मोबाईलवरचं काम म्हणजे मी नेमकं काय करते ते विचारलं. फोटो सुधारणारं ॲप बनवते म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या, "मंग आमच्या दिराला पूस बाई फोटोतून. बांध लई कोरला मेल्यानं."
ऑफिस जालना रोडला, दुसऱ्या मजल्यावर. ॲपचं नाव ‘लख्ख’. मालक राजेंद्रसर, कोड लिहिणारा सत्यम, आणि ॲपचे पडदे, म्हणजे स्क्रीन, आखायला मी. माझ्या टेबलाच्या खणात एक स्टीलचा डबा सापडला, झाकणावर नेलपेंटनं ‘प्रेरणा’. सत्यम म्हणाला, इथं प्रेरणा कुणी नव्हतीच. डबा मी खणात परत ठेवला.

४ नोव्हेंबर
ॲपमधलं सगळ्यांत चालणारं बटण ‘पुसा’. भावकीत वाटण्या झाल्या की लोक भावाला पुसतात. काडीमोड झाला की जावयाला. गिऱ्हाइकांचे फोटो चाचणीसाठी उघडायचे नाहीत, म्हणून नव्या माणसानं घरचा फोटो द्यायचा, अशी इथली रीत. मी दिवाळीचा दिला: आई, अण्णा, धाकटा अजिनाथ, मी. पुढं फराळाची चार ताटं.
पुसायचं कुणाला? घरच्यांवर बोट ठेववेना. ११ वाजून ४२ मिनिटांनी मी स्वतःला पुसलं. मागची तुळस, फरशी, सगळं नीट भरून आलं. सावलीसुद्धा उरली नाही. सर म्हणाले, एक नंबर.

६ नोव्हेंबर
कमाईचा जुना पडदा नव्यानं आखून पूर्ण. पुसणं फुकट, ‘परत आणा’ला पैसे. पुसल्यापासून आकडे उलटे पळतात, सात दिवसांनी कुलूप, मग परत आणता येत नाही. ज्याला पैसे भरायचे नाहीत त्यानं ‘एक चेहरा द्या’ दाबून दुसऱ्या कुणाचा फोटो द्यायचा: एक परत, दुसरा पुसला. ही कल्पना सरांची: नवा चेहरा म्हणजे नवं गिऱ्हाईक. पडदा बंद करायची फुली मी वर उजवीकडे, फिकट करड्या रंगात ठेवली. वीस जणांना दाखवला, एकोणीस जणांना फुली सापडली नाही. सर खूश. खरं लिहायचं तर मीही.

७ नोव्हेंबर
हजेरीच्या यंत्रानं माझा चेहरा ओळखला नाही. कॅमेरा पुसला, तरी नाही. सत्यमनं विचारलं, मुलाखतीला आलात का. मी हसले. तो हसला नाही.

८ नोव्हेंबर
आईला फोन केला. ती फार आदबीनं बोलली, अनोळखी माणसाशी बोलतात तशी. "तनुजा? नाय हो, आमच्यात तनुजा कुणी नाय. मला एकच पोरगं."
मागून अजिनाथ विचारत होता, कोण आहे. कुणी नाय, म्हणाली.
तिच्याच मोबाईलवरून आलेला दिवाळीचा मूळ फोटो उघडला. ताटं चार. माणसं तीन.

९ नोव्हेंबर
चतुराबाईंनी खोलीला दुसरं कुलूप लावलंय. सामान आत. ऑफिसच्या जिन्यात बसून लिहितेय.
‘लख्ख’मध्ये माझंच खातं उघडलं. दोन दिवस उरलेत. पैसे भरायला गेले — या नावाचं बँकखातं नाही. एकच बटण उरलं: एक चेहरा द्या. खाली गोलात ॲपनंच सुचवलेला चेहरा. आई.
फुली शोधली. मीच ठेवली होती, वर उजवीकडे. तिथं नाही.

१० नोव्हेंबर
जिन्यातून जाणारे मला ओलांडून जातात. बरं आहे. कुणी अडवत नाही.
सर्व्हरला चेहरा लागत नाही, पासवर्ड लागतो. आत शिरले. पुसलेल्यांची यादी: ४११२. भाऊ, जावई, सुना. सगळ्यांत वर प्रेरणा. तिनं इथं लिहिलेल्या कोडमध्ये एक ओळ — मी चेहरा दिला नाही.
मीही देणार नाही. आईचा नाही, कुणाचाच नाही.
हे कुलूप मी आखलं. मीच तोडते. आकडे, किंमत, तो पडदा, सगळं काढून टाकतेय. ‘परत आणा’ सगळ्यांना फुकट, आपोआप.

११ नोव्हेंबर, १०.५०
चालू केलं. माझ्या खात्यावरचा पडदा आणि आकडे मात्र जाईनात: ११.४२ला सात दिवस भरतात. आधी पुसलेला आधी परत येतो. मी यादीत तळाशी, माझं चाचणीचं खातं यंत्र शेवटी घेतं म्हणून. क्रम बदलता येतो. प्रेरणाच्या पुढं घुसू? नाही.

११.२०
१९६० जण परत. संथ आहे. सर दारात आलेत, खुर्चीत बसलेल्या माझ्यातून आरपार बघतायत. यंत्र कोण चालवतंय, ओरडतायत. प्लग उपटला त्यांनी. लॅपटॉप बॅटरीवर आहे, मालक.

११.३६
३५०२. आत्ता लक्षात आलं, डबा खणात नाही. खिडकीशी एक मुलगी उभी, हातात तो डबा — सत्यम तिला नावानं हाक मारतोय —

११.४०
४०९०. पेन धरलंय पण बोटं दिसत —
पडद्यावर पुन्हा आई. द्या. द्या. द्या.
नाही.

११.४१
४१११. आता फक्त मी. पहिल्या पानावरचं नाव गेलंय. पुन्हा लिहिते, दाबून, खालच्या पानावर उमटेल असं — तनुजा, लासूर स्टेश