आवाज फक्त सकाळीच येतो

१ जुलै, मंगळवार
पिकअप किंचाळायला लागली. स्टार्टर मारला की खालून बारीक, लांबलचक चीऽऽ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर वर चढतो. कुंड्या पोहोचवायला निघालो तर शेजारचे काका दात घासत गेटवर आले आणि डुक्कर पाळलंय का, असं विचारून गेले. दुर्लक्ष केलं. नर्सरीचा सगळा माल इतकी वर्षं याच गाडीतून वाहतोय. तिची नस न् नस मला ठाऊक आहे.

निश्चय: गॅरेजला जायचं नाही. मेहुण्याच्या तर नाहीच नाही. भावोजींना गाडी चालवता येते, कळत नाही, असं तो भरल्या घरात बोलला होता.

मुदत: शनिवार, बारा तारीख. लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. गादी, सायकल, पुस्तकं मागे. पुढे आम्ही दोघंच. बाबांबरोबरच जाणार, आई पुढच्या खेपेला, हे तिनेच ठरवलंय.

संध्याकाळ: आवाज आपोआप बंद. गाडीलाही माझा निश्चय कळला असावा.

२ जुलै, बुधवार
सकाळी आवाज परत. निदान: फॅन बेल्ट. त्यावरचा व्हिडिओ अर्धा पाहिला. पुढे तो माणूस फार बोलतो. बेल्टवर साबणाचं पाणी मारलं, बाजारापर्यंत चक्कर मारून आलो. आवाज गायब.

बायको म्हणाली, इंजिन तापलं की तो तसाही थांबतो. तिला म्हटलं, कुकर वेगळा, इंजिन वेगळं. जेवताना ती भाजी वाढायची विसरली.

४ जुलै, शुक्रवार
काल बेल्ट नवा टाकला. आज आवाज होता तसाच. म्हणजे बेल्ट नाही. हाही एक शोधच.

कान लावून ऐकलं. आवाज सायलेन्सरच्या लाइनमधून येतोय. नवं निदान: पाइपावरचा पत्रा सैल. गाडीखाली झोपून तो तारेने करकचून बांधला. पाठ धरली. दुपारी माल टाकून आलो, आवाज नाही. लेकीला बोलावून ऐकवलं. तिने विचारलं, नक्की ना बाबा. म्हटलं, बापावर विश्वास ठेव.

५ जुलै, शनिवार
चीऽऽ. शिवाय तारेचा खडखडाट.

७ जुलै, सोमवार
बायकोने मला न विचारता भावाला फोन लावला आणि गाडी चालू करायला लावून फोन बॉनेटजवळ धरला. तो म्हणाला, मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय. म्हणजे इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप यांच्या सांध्यातली चकती. गार असताना फट राहते, धूर त्यातून शिट्टी मारतो. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते. गाडी आणून टाका, तासाभराचं काम आहे.

फोनवरून नाडी बघणारा वैद्य. म्हटलं, बघतो.

मी तेच सांगत होते, असं बायको म्हणाली. दोनदा.

९ जुलै, बुधवार
गॅस्केटवर माझा विश्वास नाही. तरी निव्वळ खबरदारी म्हणून सांध्यावर सायलेन्सरच्या फटी बुजवायची पेस्ट फासली. सांध्यावर कमी, शर्टावर जास्त. गाडी चालू केल्यावर पेस्ट जळाली. काकांनी खिडक्या लावून घेतल्या.

११ जुलै, शुक्रवार
उद्या निघायचं. गॅस्केट गेलेलं नाही हे सिद्ध करायला गॅस्केट बदलायचं ठरवलं.

बोल्ट गंजलेले. मोठा पाना लावला, पान्याला पाइप लावला. लेक बॅटरीचा उजेड धरून शेजारी उभी होती. तिने विचारलं, मामाला बोलवू का. म्हटलं, हा एकच फिरतोय बघ. फिरला. बोल्टचं डोकं माझ्या हातात, धड इंजिनात.

आता गाडी किंचाळत नाही. तोफेसारखी धडाडते.

लेकीने बॅटरी बंद केली आणि आत गेली. रडली नाही, निदान माझ्यासमोर तरी.

१२ जुलै, शनिवार
मेहुणा सकाळीच त्याची कार घेऊन आला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सायकल राहिली. गादी मागच्या सीटवर कोंबली. सामान उतरवायला आणि खोली लावायला बायको हवीच. उरलेल्या जागेत गादी तरी किंवा मी तरी. सगळ्यांनी आधी गादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीच म्हटलं, गादी न्या.

लेकीने काच खाली करून सांगितलं, बाबा, वेळेवर जेवा.

जेवलो नाही. गाडी धुतली.

१६ जुलै, बुधवार
मेहुण्याने काल ड्रिल मारून तुटका बोल्ट काढला, नवं गॅस्केट बसवलं. तासाभराचं काम म्हणाला होता, दीड तास लागला. नोंद असावी.

आज सकाळी, गार इंजिन, स्टार्टर मारला. आवाज नाही. लेकीला फोन लावून बॉनेटजवळ धरला. ती हॅलो, हॅलो करत राहिली. म्हणाली, बाबा, काहीच ऐकू येत नाहीये. म्हटलं, तेच तर ऐकवतोय. हसली. बऱ्याच दिवसांनी.

लगेच जाहीर केलं, रविवारी सायकल घेऊन येतो, पिकअपने.

ती म्हणाली, या ना बाबा, नक्की या. पण बसने या.

बायकोने तिकीट परवाच काढून ठेवलंय. स्टँडवर सोडायला मेहुणा येणार आहे.