पहिल्या नंबरचा पिनकोड

सोमवार, ३ फेब्रुवारी

एकाहत्तर पहिला आला!

तीन आठवडे ही शीट भरतोय आम्ही. एका कॉलमात शहरातले सगळे पिनकोड, पुढे जनगणनेतून उचललेले आकडे — लोकसंख्या, वीस ते चाळीस वयाचे पुरुष, दाटी किती, जवळपास दुसरी जिम आहे का. प्रत्येकाला गुण, गुणांची बेरीज, मग क्रमवारी. नवी जिम कुठे काढायची ते आता अंदाजाने नाही, आकड्यांनी ठरणार! — मॅडम हे दिवसातून चारदा तरी ऐकवतात. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या फॉर्म्युलाने यादी लावली. (त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. घरी बायकोशीही 'जर-तर' लावूनच बोलत असणार.) आणि शेवटचे दोन आकडे एकाहत्तर असलेला पिनकोड टुणकन सगळ्यात वर.

हा आकडा माझ्या हाताला पाठ आहे. दर पंधरा दिवसांनी पाकिटावर लिहिते. तिथे वस्ती-बिस्ती काही नाही. तुरुंग आहे. आणि तुरुंगात दादा आहे.

जनगणनेत माणूस राहतो तिथेच मोजला जातो. मग आतले सगळे त्या पिनकोडचे रहिवासी झाले. मॅडम खूश! "तीन हजार तरुण पुरुष, एकाच ठिकाणी, आणि आसपास एक जिम नाही!" फॉर्म्युला म्हणाला, "कामगारांची वसाहत असणार. बायका जवळजवळ नाहीतच." हिशेबाचे काका नुसता चहा ढवळत होते.

एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

साधी गोष्ट आहे. नकाशा उघडायचा, बोट ठेवायचं, म्हणायचं, हे बघा, तुरुंग आहे. कुणालाही दिसू शकतं. मग मला का जमत नाही?

कारण ऑफिसात माझा भाऊ जहाजावर आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून जहाज तरंगतंय. 'तुरुंग' हा शब्द माझ्या तोंडून निघाला की चेहऱ्यावर सगळं उमटेल असं वाटतं.

काकांना जहाज खोटं आहे ते माहीत आहे. ते बाबांचे लहानपणचे मित्र, रोज सकाळी दोघं फिरायला जातात, नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. ते कधी कुणाला बोलले नाहीत, उपकारच. पण मी दादाला भेटायला जाते हे त्यांना माहीत नाही. कळलं तर बाबांना सांगणारच. कुठलाही मित्र सांगेल.

बाबांनी अर्धं शहर गाडी चालवायला शिकवलं. आणि त्यांच्याच मुलाने पिऊन गाडी चालवली, रस्ता ओलांडणारा एक माणूस गेला. निकाल लागला त्या संध्याकाळी बाबांनी मला आईच्या फोटोपुढे उभं केलं. "त्याला भेटायला गेलीस तर या घरात परत यायचं नाही. म्हण." मी म्हटलं. त्याच आठवड्यात त्यांनी गाडी विकली. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

आई नाही, दादा आत. बाबाच उरलेत मला. तेही जातील की काय, एवढीच भीती आहे. बाकी नोकरी-बिकरी सगळं नंतर.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज शहाणपणा केला. शीटमध्ये 'तरुण पुरुष' या कॉलमचे गुण हळूच कमी केले. एकाहत्तर घसरून चौथा! बरं वाटलं, डबा नीट खाल्ला.

चार वाजता मॅडम. "काल पहिला, आज चौथा? एका रात्रीत लोक उठून गेले का?" मी म्हटलं, चुकून हात लागला असेल. परत पूर्ववत केलं, त्यांच्यासमोर. वर त्यांनी माझ्याकडूनच शीटच्या डोक्यावर 'तपासले' लिहून घेतलं.

आता चूक फॉर्म्युलाची राहिली नाही, माझी झाली. स्वतःच्या हाताने कडी लावून घेतली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

घरांचा कॉलम कुणीच कसा बघत नाही? तीन हजारांवर माणसं आणि घरं फक्त दोनशे बारा! फॉर्म्युलाला सहज विचारल्यासारखं केलं. म्हणाला, "दाटीवाटीने राहत असतील बिचारे."

राहतात खरे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सारखी ती जनगणनेवाली बाई आठवते. दारात उभी राहून तिने विचारलं होतं, घरात माणसं किती? बाबा म्हणाले, "दोन." लगेच म्हणाले, अडखळलेसुद्धा नाहीत. मी आत पोळ्या करत होते. तवा तापून धूर निघाला तरी मला कळलं नाही.

म्हणजे आमच्या पिनकोडमधून एक गेला आणि एकाहत्तरात एक वाढला. त्या तीन हजारांतला तो एक मला ओळखू येतो. त्याला वरणावर साय लागते असं आई चेष्टेने म्हणायची, इतका दुधातुपाचा. आता त्याला कॉलममध्ये बघायचं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

भेटीचा दिवस. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. आज ते अर्धं खरंच होतं!

दादाला सगळं सांगितलं. जाळीपलीकडे पोट धरून हसला. "वर्षाची मेंबरशिप द्यायला सांग. मध्येच सोडून कुणी जात नाही." किती दिवसांनी हसताना बघितलं त्याला! मलाही हसू आलं, मग तेच डोळ्यांतून यायला लागलं.

मग म्हणाला, "सांगून टाक गं. माझ्यासाठी तू कशाला अडकतेस?" मी म्हटलं, बाबांना कळेल. त्यावर त्याने विषयच बदलला. बाबांबद्दल तो कधीच विचारत नाही, बरे आहेत का एवढंही नाही. राग आहे अजून. असणारच.

निघताना गेटवरच्या शिपायाने नेहमीप्रमाणे विचारलं, "झाली का भेट, ताई?" भला माणूस आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

काही नाही. कपडे धुतले. बाबांशी भाजी आणि हवा यावर बोलणं झालं.

सोमवार, १० फेब्रुवारी

संपलं. मॅडमना एकाहत्तरात रस्त्यावरचा एक गाळा मिळालाय, जाहिरातीतून. भाडं निम्मं! एजंटाला फोनवर विचारलं समोर काय आहे, तर म्हणे, "मोठी सरकारी वसाहत आहे मॅडम, माणसंच माणसं." गुरुवारी जागा बघायला जायचं. मॅडम, फॉर्म्युला, मी. भाड्याची बोलणी करायला काका.

मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. मॅडम म्हणाल्या, "गुरुवारी?"

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज काकांच्या टेबलाशी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा वाटलं, सांगावं — काका, ही जागा अशी आहे, थांबवा. दोन्ही वेळा स्टेपलर मागून परत आले. माझ्या टेबलावर आता तीन स्टेपलर आहेत.

काकाही कसनुसे दिसत होते. जाणं रद्द होतंय का, असं त्यांनीच मॅडमना विचारलं. गुडघा दुखतोय म्हणाले. मॅडम म्हणाल्या, गाडीनेच जायचंय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गाडी मॅडमची. वळणावरून ती भिंत सुरू झाली आणि संपेचना. मॅडम म्हणाल्या, "ही भिंत कसली?" गाळ्यापाशी एजंट उभा होता. त्याला विचारलं तर दात काढून म्हणाला, "तुरुंग, मॅडम. म्हणून तर भाडं कमी!"

फॉर्म्युलाचा चेहरा पांढराफटक. मॅडम भिंतीकडे बघतायत, हातातल्या कागदाकडे बघतायत. काका गाडीतून उतरलेच नव्हते, काच खाली करून बसले होते. मला वाटलं, चला, झालं. आपोआप कळलं. सुटले मी!

तेवढ्यात गेटवरून तो शिपाई रस्ता ओलांडून आला. हसत, अगदी आपुलकीने. "ताई, आज कशा? आज भेट नसते ना. भाऊ बरा आहे हो, सकाळीच बघितला."

सगळ्यांनी ऐकलं. काकांनीही. मी वळून बघितलं तर ते समोरच्या काचेकडे बघत होते.

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "भाऊ?" मी म्हटलं, "हो. सख्खा."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" हो. "मग?" रडलेही नाही, नुसती उभी. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मीही नकाशा उघडून बघितला नाही. जा. जनगणनेत संस्थांत राहणाऱ्यांचा आकडा वेगळा देतात, तो सगळीकडून वजा कर." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वजा केला. वसतिगृहं, रुग्णालयं, आश्रम, सगळं. एकाहत्तरच्या ओळीवर बोट अडलं. बाबांनी दारात उभं राहून केलं तेच मी आता करत होते. मग एंटर दाबलं. एकाहत्तर एकदम तळाला. दादा कुठल्याच पिनकोडात उरला नाही.

फॉर्म्युला जाताना म्हणाला, "घरांचा कॉलम मी बघायला हवा होता." माफी मागायची त्याची हीच पद्धत. जहाजाचं नावही काढलं नाही त्याने.

घरी आले ती चप्पल न काढता दारातच थांबले. काकांनी सकाळी फिरताना सांगितलंच असणार. बाबा म्हणाले, "चहा टाकतेस?" बस. एवढंच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बाबांचं नेहमीसारखंच चाललंय. पेपर वाचतात, कुंड्यांना पाणी घालतात. माहीत आहे की नाही, काही थांग लागत नाही. कपाटातली बॅग काढून बघितली. तिची चेन बिघडलीय.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी बाबा फिरायला गेले ते दुपारी उगवले. काकांशी एवढा वेळ काय बोलत होते? जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. उद्या घर सोडायला सांगतील. सांगू देत एकदाचं! हे वाट बघणं सोसवत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शेवटी मीच काकांना जिन्यात गाठलं. "सांगितलंत ना बाबांना?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी काय सांगणार पोरी त्याला? दोन वर्षं झाली, महिन्यातून एका रविवारी मीच त्याला माझ्या गाडीने तिथे सोडतो. तो आत जातो, मी बाहेर बसतो. कालही गेलो होतो. तुला कळू देऊ नकोस अशी शपथ घातलीय मला. तुझ्या भावालाही." त्यांना पहिल्या दिवसापासून एकाहत्तर म्हणजे काय ते ठाऊक होतं! आम्ही दोघं एकाच ऑफिसात, एकाच भीतीने गप्प.

संध्याकाळी बाबांना वाढता वाढता म्हटलं, "पुढच्या खेपेला मी पण येते तुमच्याबरोबर." बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "लवकर निघावं लागतं. रांग असते."

"माहितेय मला," मी म्हटलं.