लालीबाईच्या बांगड्या आणि साफ केलेला आवाज

मी, रामधन हरसिंग आडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा साउंड सर्व्हिस व दुरुस्ती, राहणार कळंब, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात कापत नाही, आणि कोणी मानेवर बसून हे लिहवून घेत नाही. कान सोडून सगळं शाबूत आहे. उजवा कान दोन वर्षांपासून बंद. डाव्या कानामागे गाठ आहे, ती सोमवारी नागपूरला काढणार. डॉक्टर म्हणाले, जीव बहुतेक राहील, कान राहणार नाही. त्याआधी मला माझ्या बायकोचा, लालीबाईचा, आवाज एकदा ऐकायचा आहे. ती जाऊन सहा वर्षं झाली. वाटणी आज उरकतो ती एवढ्यासाठी, की उरलेले दोन दिवस मोकळे राहावेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१) राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगी उज्ज्वला आणि मुलगा संजय यांना निम्मी-निम्मी. मागच्या खोलीतल्या वायरिंगला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ती मी स्वतः केली आहे आणि तिचा नकाशा फक्त माझ्या डोक्यात आहे.

२) दुकान, मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान व गिऱ्हाइकांची वही उज्ज्वलाला. "पोरीले दुकान कायले?" म्हणणारे येतील. त्यांना सांगावं की संजयला वायर सोलता येत नाही. हे रागाने लिहीत नाही, त्यालाही विचारा. मी पहिला ॲम्प्लिफायर भंगारातून उचलून उभा केला आणि तांड्यावरच्या लग्नांत बैलगाडीला भोंगा बांधून वाजवला. रस्त्याने जाताना कोणाच्या घरातल्या स्पीकरची कॉइल घासते, ते मला न थांबता कळायचं. तो कान पोरीत उतरला आहे, पोरात नाही.

३) संजयने पुण्याहून पाठवलेले बिनवायरचे इअरबड त्यालाच परत. आवाज चांगला आहे, खोटं काहून बोलू? पण वस्तू चिकटवून बंद केलेली, सेल गेला की फेकायची. जी उघडता येत नाही ती आपली झाली असं मी मानत नाही. सोबत एक विनंती. संजय माझे व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकतो. त्यानेच सांगितलं, "बा, तुम्ही लय सावकाश बोलता." माझ्यामागे जे मेसेज उरतील ते त्याने एकदा तरी माझ्या वेगाने ऐकावेत.

४) लाइटवाला पार्टी स्पीकर कमरेएवढा दिसतो आणि डब्यासारखा वाजतो. तो तांड्यावर होळीसाठी द्यावा, पोरांना लाइट आवडतात. कानाचं यंत्र गरजूला द्यावं, पण त्यात माणसापेक्षा भांडी मोठी ऐकू येतात हे आधी सांगावं. बोललेलं टाइप करणारं ॲप कोणाला देण्यासारखं नाही. "मले" म्हटलं की अडतं, म्हणून हे हाताने लिहिलं.

५) आता खरं. आमच्या गोर बंजारा लोकांत लेक सासरी निघाली की मायलेकी गळ्यात पडून गात रडतात, त्याला ढावलो म्हणतात. २००४ साली उज्ज्वला निघाली तेव्हा तिच्या याडीचा, म्हणजे आईचा, ढावलो मी कॅसेटवर भरला. २०१५ साली तो कॉम्प्युटरवर घेतला आणि खरखर काढणारं सॉफ्टवेअर लावलं. त्याला आधी नुसत्या खरखरीचा तुकडा दाखवावा लागतो. मी पहिली चार सेकंद दाखवली. मला ती रिकामी वाटली. ती रिकामी नव्हती. लाली श्वास भरत होती आणि तिच्या मनगटापासून दंडापर्यंतच्या बांगड्या वाजत होत्या. सॉफ्टवेअरने सांगितलं ते काम केलं. श्वास, हुंदका, बांगड्या, सगळं पुसलं. मी ते मूळ फाइलवरच सेव्ह केलं. वयाने बारीक आवाज आधी जातात, आणि माझे तेव्हाच गेले होते हे मला कळलं नाही. लालीच्या तेराव्याला ते लावलं तर उज्ज्वला म्हणाली, "बा, हे याडी नाही हो."

कॅसेट माझा भागीदार भीमराज भगत याच्याकडे. त्याच २०१५ साली मी त्याची कॅसेट वाजवायची डेक भंगार ठरवली. तो डेक आणि कॅसेटचं खोकं उचलून बाभुळगावला गेला. पुढे मी माफी मागायला गेलो नाही. वाटलं, कान आहेत तोवर घाई काय? आठ दिवसांपूर्वी त्याला सगळं लिहून पाठवलं, साक्षीला ये म्हटलं. वाचल्याच्या दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही. त्या रेघांइतकी वाईट सोय मी पाहिली नाही. न वाचलेल्या पत्राची आशा तरी राहायची.

कॅसेट न मिळाल्यास कॉम्प्युटरमधली फाइल पुसावी. तो आवाज लालीचा म्हणून कोणालाही ऐकवू नये.

६) साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणतात. म्हणून भीमराजला काही नाही.

सहीआधीची भर, आजचीच: भीमराज दुपारी एसटीने आला. पिशवीत डेक आणि ती कॅसेट.

"तू मले भंगार म्हटलं होतं."

"डेकले म्हटलं होतं."

"डेक माझीच होती ना?"

मी हात जोडले. तो म्हणाला, "हात खाली घे, बेल्ट टाकायचा हाय." बेल्ट दोघांनी टाकला. मग हेडचा स्क्रू बारीक आवाज उघडेपर्यंत कानाने फिरवायचा असतो. हे काम जन्मभर माझं होतं. आज हेडफोन उज्ज्वलाला दिला. ती पाव-पाव आटा फिरवत गेली आणि थांबली. "बा, बांगड्या." कॉम्प्युटरवर तसंच उतरवून घेतलं.

मग तिने हेडफोन माझ्या डाव्या कानाला लावला आणि विचारलं, "आल्या?" मी हो म्हटलं. इथे खोटं लिहिता येत नाही. मला आल्या नाहीत. जाडसर सूर आला, भिंतीपलीकडून यावा तसा. श्वासही नाही. मी पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

२०१५ची साफ केलेली फाइल पुसायचं कायम. कॅसेट उज्ज्वलाची. ती कोणीही, कशानेही, साफ करू नये.

हे वाचून पाहिलं व सही केली.

रामधन हरसिंग आडे

आमच्यासमोर सही केली:
१. भीमराज सोनबाजी भगत, बाभुळगाव
२. विमल नारायण गावंडे (शेजारी, निवृत्त नर्स), कळंब

कळंब, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५