गारांचा दिवस आणि दोन पासपोर्ट

प्रिय अहो,

जिवंतपणी तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही, आता कुठून सुरुवात करू? आज दुपारी शारजात गारा पडल्या. खिडकीतून पाहिलं तर खालचं पार्किंग पांढरं झालेलं, आणि मला रडू कोसळलं. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. तेराव्याला माझ्या डोळ्यांत पाणी नाही म्हणून बायका कुजबुजत होत्या. त्यांनी आज बघायला हवं होतं मला! पण हे रडू संतापाचं होतं हो. म्हणून लिहायला बसले.

आठवतो का तो दिवस? नऊ वर्षं झाली. हाच अल मजाजचा फ्लॅट, हाच मार्च. आदित्य तीन वर्षांचा, मुक्ता दीडची. त्या दिवशी मला कामाला सुट्टी होती आणि सकाळपासून दोघांनी मला नको नको केलं होतं. मुक्ताने दुधाच्या पावडरचा डबा फरशीवर पालथा केला आणि आदित्य त्यातून गाडी फिरवत बसला. "आई, इट्स स्नो!" म्हणाला. कार्टूनमध्ये पाहिलेलं त्याने. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा अजून माझ्याच हाताला झोंबतो.

मग आभाळ काळं झालं आणि गारा कोसळू लागल्या. इंडस्ट्रियल एरियात पाणी भरलं म्हणून तुमचं वर्कशॉप लवकर सुटलं आणि तुम्ही कधी नव्हे ते दुपारीच घरी आलात. कामाच्या शर्टावर पोरांना कधी हात लावू न देणारे तुम्ही! दोघांना दोन काखोटीला मारलंत आणि थेट खाली. मी टॉवेल घेऊन मागे.

"साब, बच्चों को अंदर लो, सर पे लगेगा!" वॉचमन ओरडत होता.

"लगने दो चाचा, यल्ला, चलो, आप भी आ जाओ!" तुम्ही उलट ओरडलात.

आदित्य आपल्या कारच्या बॉनेटवर बसून ओंजळी भरत होता. मुक्ता गार तोंडात घालायची, तोंड वेडंवाकडं करायची, थुंकायची आणि लगेच दुसरी उचलायची. तुम्ही त्या ओल्या पार्किंगमध्ये चक्क आडवे झालात आणि पोरांनी तुमच्या अंगावर गारा रचल्या. मी तिथे उभी राहून काय म्हटलं असेल मनात? हा माणूस आज खऱ्या अर्थाने बाप झाला. किती बावळट होते मी!

वर आल्यावर तुमची बॅग पुसायला घेतली तर आत खाकी पाकीट. त्यात दोन नवे कोरे पासपोर्ट. मुक्ताच्या फोटोत तिच्या डोक्यामागे धरलेली माझी बोटं दिसत होती.

"आले का हे?" मी विचारलं.

"हो. शाळेच्या अ‍ॅडमिशनला लागतील पुढे."

तोवर दोघांची नावं माझ्या पासपोर्टवर होती. मी गेले तरच ती जाणार, मी आले तरच येणार. वेगळ्या पासपोर्टच्या फॉर्मवर आईची सही लागते, ती तुम्ही महिन्याभरापूर्वी घेतली होती. माझा हात कणकेत. "इथे कर, आणि इथे." मी वाचलंसुद्धा नाही. नवऱ्याने पुढे केलेला कागद कोण वाचतं?

दोन आठवड्यांनी साताऱ्याहून फोन आला, सासूबाईंची तब्येत बिघडली. मी तेव्हा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, मला रजा मिळेना. "मी पोरांना घेऊन पुढे जातो, आईला बरं वाटेल. तू पुढच्या महिन्यात ये," म्हणालात. मीच बॅग भरली. आदित्यचा निळा कप विसरला म्हणून लिफ्टपर्यंत धावले.

आणि परत आलात ते एकटे. एअरपोर्टवर तुम्ही ट्रॉली ढकलत बाहेर आलात, मी तुमच्या मागे बघत राहिले.

"मुलं कुठेत?"

"आईकडे. रमलीत गं. राहू दे की जरा."

रमली? चौदा दिवसांत? दीड वर्षाचं पोर?

मे महिन्यात मी गेले तेव्हा मुक्ता सासूबाईंच्या पदराआड लपली आणि मला बघून रडली. आदित्य म्हणाला, "आजी, पाहुणे आलेत." तरी मी त्यांना आणायचं म्हटलं तर सासूबाईंनी अन्न सोडलं आणि तुमचा फोनवर हुकूम, "आईचं मन मोडू नकोस." सहा महिने या देशाबाहेर राहिलं की पोरांचा इथला व्हिसा खलास, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्ही ते सहा महिने शांतपणे जाऊ दिलेत. मग दर वर्षी तेच, "पुढच्या वर्षी नवा व्हिसा करू, इन्शाल्ला."

मामंजी गेले तेव्हा सासूबाईंना शब्द दिला होतात ना, तुला एकटी ठेवणार नाही म्हणून? द्यायचा होता तर स्वतः जायचं होतं राहायला. श्रावणबाळ झालात, पण कावडीत माझी पोरं घातलीत.

आणि मी? मी का नाही सगळं सोडून साताऱ्याला गेले? तुमच्या जेवणाचे हाल होतील, संसार मोडेल, लोक काय म्हणतील. खरं सांगू? मला भांडणाची भीती वाटली. पहिल्या वर्षी घाबरले, मग सवय झाली. ते पाप माझं, तुमच्या माथी मारत नाही.

पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्याला काय झालं ते ऐका. आदित्य माझ्याशेजारी येऊन बसला. बारा वर्षांचा झाला, आवाज फुटायला लागलाय. खाली मान घालून म्हणाला, "आई, आम्ही लहान असताना तुला एवढा त्रास द्यायचो का?"

"असं का विचारतोस रे?"

"बाबा सांगायचे ना. तुला नोकरी करायची होती, दोघांचं जमत नव्हतं, म्हणून तूच आम्हाला पाठवलंस."

अहो! नऊ वर्षं माझ्या पोरांना हे सांगत होतात? दर सुट्टीत मुक्ता माझ्याजवळ झोपायला का येत नव्हती, ते मला त्या क्षणी कळलं. समोर सासूबाई माळ ओढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि मीही गप्प बसले. ताज्या दुःखात मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं, म्हणून.

महिनाअखेर हा फ्लॅट रिकामा करून मी कायमची साताऱ्याला जातेय. पोचल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगणार आहे, सासूबाईंच्या देखत. तुम्ही पार्किंगमध्ये आडवे पडला होतात, किती हसला होतात, तेही सांगेन, त्यात काटछाट करणार नाही. पण त्यांना मी पाठवलं नव्हतं, हे आधी सांगेन. मुक्ताने विश्वास नाही ठेवला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगेन. पोरांच्या मनातून तुम्ही थोडे उतराल. उतरा. मला एवढी वर्षं उतरवून ठेवलंत, आता तुमची पाळी.

आदित्य-मुक्ताची आई,
सुनंदा